लस सगळ्यांना द्या, जंताचं औषध निवडून पाजा : माळव्यातल्या धनगर समाज मंडळांना खुले पत्र

इंदूर, महू, देवास आणि आसपासच्या सर्व धनगर समाज मंडळांचे पदाधिकारी व कार्यकर्ते यांस,

जय मल्हार. स. न. वि. वि.

३१ मे जवळ आला की आपल्या सगळ्यांची धावपळ सुरू होते. राजवाड्यासमोर अहिल्यादेवींच्या पुतळ्याला हार घालायचा असतो, मिरवणुकीची परवानगी काढायची असते, दहावी-बारावीच्या मुलांचे सत्कार असतात, महाप्रसाद असतो. गेल्या काही वर्षांत खेड्यापाड्यांतली काही मंडळं याच दिवसांत शेळ्या-मेंढ्यांचं शिबिरही घेऊ लागली आहेत. सुभेदार मल्हारराव लहानपणी मामाकडे मेंढरं राखत वाढले. त्यांच्या सुनेच्या जयंतीला मेंढ्यांची आठवण होते याचं मला मनापासून समाधान आहे.

हे पत्र त्या शिबिरांबद्दल आहे. तिथे दोन कामं होतात, लस टोचणं आणि जंताचं औषध पाजणं. पहिलं काम आणखी जोरात करा. दुसरं मात्र ज्या पद्धतीने चाललंय ती पद्धत थांबवा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

सिमरोलच्या पुढे, घाट लागायच्या आधी आमचं थोडकं रान आहे. खरिपात सोयाबीन, रब्बीत गहू आणि लसूण, आणि जोडीला तीसेक मेंढ्या. आमच्यासारखी घरं या भागात विखुरलेली आहेत. कुणाकडे वीस, कुणाकडे पन्नास. आम्ही मोठे व्यावसायिक नाही. राष्ट्रीय पशुधन अभियानाचं मेंढीपालनाचं अनुदान १०० माद्या आणि ५ नर या गटापासून पुढे सुरू होतं, म्हणजे आमच्यापर्यंत ते पोचतच नाही. आमच्यापर्यंत पोचतं ते शिबिर. म्हणून ते नीट व्हावं असं वाटतं.

मी पाहिलेल्या एका शिबिराचं चित्र सांगते. गावाचं आणि मंडळाचं नाव घेत नाही, कारण सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच चालतं. मांडवात टेबल, टेबलावर अल्बेंडाझोल या जंतांवरच्या पातळ औषधाचे डबे आणि दोन सिरिंजा. एक मुलगा मेंढी पायांत धरतो, दुसरा तोंड वर करतो, तिसरा पाच मिली औषध सोडतो. मोठा नर आला तरी पाच मिली, दोन महिन्यांचं कोकरू आलं तरी पाच मिली. वजन काट्यावर नाही, अंदाजानेही नाही. गाभण किती महिन्यांची, हे कुणी विचारत नाही. तासाभरात दोनशे-तीनशे जनावरं उरकतात, फोटो निघतो, आणि मालक निर्धास्त होऊन घरी जातो की आता वर्षाची काळजी मिटली.

आता त्या पाच मिलीचा हिशोब करू. अडीच टक्क्यांच्या औषधात एका मिलीला २५ मिलिग्रॅम अल्बेंडाझोल असतं. पाच मिलीत झालं १२५. मेंढीला दर किलो वजनामागे ५ ते साडेसात मिलिग्रॅम लागतं. चाळीस किलोच्या नराला २०० ते ३०० मिलिग्रॅम हवं, त्याला मिळालं १२५. दहा किलोच्या कोकराला ५० ते ७५ पुरे होतं, त्यालाही मिळालं १२५. कोकरं बहुधा हे सोसतात, पण मोठ्या जनावरांच्या पोटातले जंत अर्ध्यामुर्ध्या औषधाने मरत नाहीत. जे थोडे चिवट असतात ते वाचतात आणि पुढची अंडी तेच घालतात. शिवाय मेंढी गाभण राहिल्यापासूनच्या पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल देऊ नये, गर्भात व्यंग येण्याचा धोका असतो. ही सूचना औषधाच्या माहितीपत्रकात असते आणि ते माहितीपत्रक डब्याबरोबर कचऱ्यात जातं.

त्याच शिबिरात औषध पाजलेली आमच्या शेजाऱ्यांची एक मेंढी श्रावणात सुस्तावली. चरायला निघायची पण मागे राहायची, दोन-चार पावलं टाकून उभी राहायची. मग जबड्याखाली पाण्याची थैली लोंबावी तशी सूज आली. सकाळी चरून आल्यावर जास्त, रात्री वाड्यात डोकं वर ठेवून बसली की कमी. शेजाऱ्यांनी पुन्हा तेच औषध पाजलं. सूज उतरली नाही, मेंढी गेली. पोट उघडून पाहिलं तेव्हा चौथ्या पोटाच्या आतल्या पडद्यावर केसासारखे, बोटाच्या पेराएवढे जंत वळवळत होते, लाल आणि पांढऱ्या धाग्याला पीळ दिल्यासारखे. लाल रंग त्यांच्या आतड्यातल्या रक्ताचा, पांढरा त्याभोवती गुंडाळलेल्या अंडाशयाचा. मेंढीचं मांस मात्र फिकट आणि पाणावलेलं होतं. शेजारी एवढंच म्हणत होते, "औषध तर पाजलं होतं ना!"

या जंताचं नाव हिमॉन्कस कंटॉर्टस. तो रक्त पितो. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिली रक्त घालवतो. ऐकायला काहीच नाही, पण पोटात हजार जंत असले तर दिवसाला ५० मिली, महिन्याला दीड लिटर. तीस किलोच्या मेंढीच्या अंगात सगळं मिळून दोन लिटरच्या आतच रक्त असतं. ती नवं रक्त तयार करत राहते म्हणून तग धरते, आणि एके दिवशी तिची ताकद संपते. एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. लेंडीतून ती रानात पडतात, ऊब आणि ओल मिळाली की आठवड्याभरात त्यांतून लागण करणाऱ्या अळ्या तयार होतात, दवाच्या पाण्याबरोबर गवतावर चढतात आणि चरताना पुन्हा पोटात जातात. तीनेक आठवड्यांत नवी मादी अंडी घालू लागते. आणखी एक गोष्ट आपल्या लोकांना नेहमी फसवते. जंत म्हटलं की आपण हगवणीची वाट बघतो. या जंतात बहुतेक वेळा हगवण लागतच नाही, लेंड्या चांगल्या घट्ट असतात आणि आतून मेंढी रिकामी होत असते.

शेजाऱ्यांच्या त्या एका वाक्यात सगळी गफलत आहे. लस टोचली की शरीर स्वतः तयारी करतं आणि ती तयारी पुढे टिकते. पीपीआरची, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांच्या बुळकांडीची लस एकदा नीट टोचली की सुमारे तीन वर्षं राखण करते. जंताचं औषध असं काही करत नाही. त्या दिवशी पोटात जे आहे त्यातलं मारता येईल तेवढं मारायचं आणि काही दिवसांत शरीरातून निघून जायचं, इतकंच त्याचं काम. मे अखेरीस पाजलेलं अल्बेंडाझोल श्रावणातल्या गवतावरच्या अळीला अडवू शकत नाही.

इथवरचं बऱ्याच जणांना पटतं. पुढचं लवकर पटत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मे महिन्यात माळव्यात पारा चाळिसाच्या वर असतो, काळी जमीन भेगाळलेली असते, गवत वाळून कोळपलेलं असतं. अशा रानात जंताची अळी फार काळ जगत नाही. म्हणजे त्या वेळी जंत जवळजवळ सगळे मेंढ्यांच्या पोटातच असतात, बाहेर रानात नसतात. आता नेमक्या याच वेळी आपण गावातल्या एकूण एक मेंढीला औषध पाजतो. औषधाला बधणारे जंत मरतात. उरतात ते न बधणारे, मोजकेच. पंधरा दिवसांत मृगाचा पाऊस येतो, रान हिरवं होतं, आणि त्या रिकाम्या रानात पहिली अंडी पडतात ती या उरलेल्या जंतांची. त्यांच्यात मिसळायला, त्यांची जात पातळ करायला साधे जंत कुठेच नसतात. असं तीन-चार वर्षं केलं की गावातल्या जंतांवर ते औषध चालेनासं होतं. अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल ही एकाच कुळातली औषधं आहेत, एक चालेनासं झालं की दुसरंही गेलंच म्हणून समजा. दुकानात नाव बदलून मिळालं म्हणून औषध बदललं असं होत नाही. लेव्हामिसोल आणि आयव्हरमेक्टिन वेगळ्या कुळातली, पण त्यांनाही दाद न देणारे जंत आपल्या देशात आढळले आहेत. नव्या कुळाच्या भरवशावर आपल्याला राहता येणार नाही.

म्हणून कळपातल्या काही मेंढ्या औषधाविना सोडायच्या असतात. जाणूनबुजून. हे ऐकून माझ्या सासूबाईंनी कपाळाला हात लावला होता, कारण धट्टीकट्टी मेंढीसुद्धा आपल्याला आजारी पडायच्या आधीच औषध द्यावंसं वाटतं. पण कळपातले बहुतेक जंत थोड्याच मेंढ्यांच्या पोटात असतात. ढोबळमानाने वीस-तीस टक्के जनावरं ऐंशी टक्के जंत वागवत असतात. त्यांना ओळखून त्यांनाच औषध दिलं तर कळप वाचतो, आणि बाकीच्यांच्या पोटात साधे जंत शिल्लक राहून औषधही वाचतं.

ओळखायचं कसं? पापणी बघून.

दक्षिण आफ्रिकेत १९९० च्या दशकात फाफा मलान या पशुवैद्याच्या कल्पनेतून यासाठी एक रंगतक्ता तयार झाला. त्यांच्याच नावावरून त्याला फामाचा म्हणतात. मेंढीच्या खालच्या पापणीच्या आतल्या पडद्याचे पाच रंग त्यावर छापलेले असतात. पहिला लालबुंद, दुसरा लालसर गुलाबी, तिसरा गुलाबी, चौथा फिकट गुलाबी, पाचवा पांढरा. पहिला-दुसरा असेल तर औषध नाही. चौथा-पाचवा असेल तर त्याच दिवशी औषध. तिसरा असेल तर मेंढी कोण ते बघायचं. कोकरू असेल, नुकती व्यालेली किंवा पाजती मेंढी असेल, अंगाने खराब असेल तर द्यायचं, नाहीतर पुढच्या खेपेला पुन्हा बघायचं. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी, श्रावण-भाद्रपदात जमलं तर दर आठवड्याला. माळव्यात वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो, तेव्हा हे काम मुख्यतः चार महिन्यांचं आहे. पुढे ऑक्टोबरपर्यंत लक्ष ठेवलं तर उत्तम.

बघण्याची रीत सोपी आहे पण ती हाताने शिकावी लागते. एका हाताच्या अंगठ्याने वरची पापणी डोळ्यावर ओढायची, बुबुळ हलकेच आत दाबायचं, दुसऱ्या अंगठ्याने खालची पापणी खाली ओढायची. आतला पडदा आपोआप बाहेर येतो. तो भर उन्हात बघायचा, वाड्याच्या सावलीत सगळ्याच पापण्या बऱ्या दिसतात. एका नजरेत ठरवायचं, कारण पापणी धरून ठेवली की ती लाल होत जाते. दोन्ही डोळे बघायचे आणि जो फिकट तो धरायचा. आमच्याकडे घरातली पोरंसुद्धा हे करतात, आणि तीस मेंढ्यांचा कळप चहा निवायच्या आत बघून होतो. तक्ता मात्र खराच हवा. मोबाइलवरचा फोटो किंवा झेरॉक्सवर काढलेली रंगीत प्रत चालत नाही, छपाईत रंग बदलतात आणि सगळा निर्णय रंगावरच असतो. अस्सल तक्ताही उन्हात फिका पडतो, तो अंधारात जपून ठेवायचा.

ही युक्ती सर्वव्यापी नाही, तेही सांगायला हवं. पापणी फक्त रक्त कमी झाल्याचं सांगते, कशाने ते सांगत नाही. अंगभर गोचीड असतील, उन्हाळाभर पोटाला मिळालं नसेल किंवा यकृतात चपटे जंत असतील तरी ती पांढरीच दिसणार. चपट्या जंतांचं तर वेगळंच प्रकरण आहे. यशवंत सागर असो की गावचं तळं, पाणी ओसरल्यावर काठाला जे कोवळं हिरवं गवत येतं तिथे गोगलगायी असतात आणि त्या गोगलगायींतून या जंताची पिल्लं बाहेर पडून गवताला चिकटतात. अल्बेंडाझोल त्यातल्या फक्त मोठ्या झालेल्यांवर चालतं. लहान पिल्लांसाठी दुसरं औषध लागतं, आणि क्लोसँटेलसारखं औषध प्रमाणाबाहेर गेलं तर मेंढी आंधळी होते. इथे डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात घालू नये. आणि काठाचं गवत कितीही मोहाचं दिसलं तरी कळप तिकडे नेऊ नये, हे औषधाहून स्वस्त.

पापणीच्या जोडीला लेंडी तपासणी हवी. ताज्या तीन ग्रॅम लेंड्या ४२ मिली मिठाच्या तीव्र पाण्यात कुस्करायच्या, गाळायच्या, मॅकमास्टरच्या काचेत (अंडी मोजण्यासाठी रेघा आखलेली काच) भरायच्या. अंडी तरंगून वर येतात, सूक्ष्मदर्शकाखाली ती मोजायची आणि ५० ने गुणायचं, म्हणजे एका ग्रॅममध्ये अंडी किती ते कळतं. चपट्या जंतांची अंडी जड, ती मिठाच्या पाण्यात वर येत नाहीत, त्यांच्यासाठी गाळ बसवून बघावं लागतं. पण मला या तपासणीचा सगळ्यात मोठा उपयोग वाटतो तो औषधाची परीक्षा घ्यायला. दहाएक मेंढ्यांच्या लेंड्या औषध द्यायच्या दिवशी तपासा, दहा ते चौदा दिवसांनी त्याच मेंढ्यांच्या पुन्हा तपासा. अंडी ९५ टक्क्यांनी कमी व्हायला हवीत. तितकी झाली नाहीत आणि वजन करून पुरेपूर पाजलेलं असेल, तर त्या गावात ते औषध थकलं असं धरून चालावं. आज आपल्या भागात कोणत्या गावात कोणतं औषध चालतं, हे कुणालाच ठाऊक नाही. आपण गावोगाव औषध वाटतो आणि ते लागू पडलं की नाही हे एकदाही बघत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

राजस्थानात अविकानगरला १९६२ पासून केंद्रीय मेंढी व लोकर अनुसंधान संस्था आहे. त्या कोरड्या मुलखासाठी तिथल्या शास्त्रज्ञांनी वर्षातून अनेकदा पाजण्याऐवजी पावसाळ्याच्या उत्तरार्धात एकदाच नेमकं पाजण्यावर भर दिला. आपल्याकडे पाऊस त्याहून जास्त, म्हणून त्यांचं वेळापत्रक जसंच्या तसं उचलता येणार नाही. पण वेळ ठरवायची ती तपासून, जयंतीची तारीख बघून नव्हे, एवढं त्यांच्याकडून घ्यावं.

आता मंडळांकडून मला काय हवंय ते स्पष्ट लिहिते.

शिबिर ठेवा, पण ते लसीचं करा. पीपीआर, आंत्रविषार (आतड्यात विष होऊन मेंढी दगावण्याचा रोग), देवी या लसी कळपातल्या प्रत्येक पात्र जनावराला मिळाव्यात, त्यात निवड नको, एकही सुटता कामा नये. २०३० पर्यंत पीपीआर हद्दपार करण्याचं उद्दिष्ट देशाने ठेवलं आहे. ते दूरच्या, पाच-पन्नास मेंढ्यांच्या घरांपर्यंत लस गेली तरच होणार, आणि ही घरं कुठे आहेत हे कार्यालयांपेक्षा आपल्या मंडळांना जास्त ठाऊक आहे. आंत्रविषाराची लस पावसाच्या आधीच हवी, कोवळ्या गवतावर कळप सुटल्यावर टोचून उपयोग नाही. पहिल्यांदाच टोचत असाल तर दोन-तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा लागते. ती द्यायला कुणी परत येत नाही असा अनुभव आहे, म्हणून दुसरी तारीख पहिल्याच दिवशी जाहीर करा.

जंताच्या औषधाचे डबे घाऊक विकत घेणं बंद करा. त्या पैशांतून प्रत्येक मंडळाने एक सूक्ष्मदर्शक, मॅकमास्टरच्या दोन काचा, झोळीला लटकवायचा एक वजनकाटा आणि काही रंगतक्ते घ्यावेत. हे एकदा घेतलं की वर्षानुवर्षं चालतं. एका गावाला परवडत नसेल तर पाच गावांनी मिळून घ्या. काट्याला कमी लेखू नका. वजन डोळ्याने ठरवताना आपण जवळजवळ नेहमीच कमी धरतो.

दहावी-बारावीला सत्कार होणाऱ्या मुलामुलींतून प्रत्येक गावातून दोघं निवडा आणि त्यांना हे शिकवा. महूला १९५५ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे परजीवीशास्त्राचा विभाग आहे. मंडळाच्या लेटरहेडवर रीतसर पत्र गेलं तर एका दिवसाचं प्रशिक्षण मागता येईल. एकट्या शेतकऱ्याच्या अर्जापेक्षा समाजाच्या पत्राला वजन असतं. गावातल्या पशुसखी आणि गोसेवकांनाही त्यात घ्या. १९६२ या क्रमांकावर फोन केला की फिरता दवाखाना येतो. त्या डॉक्टरांना "मेंढी सुस्त आहे" म्हणण्याऐवजी "पापणी पाचव्या रंगाची, जबड्याखाली सूज, लेंडीत इतकी अंडी" असं सांगणारं कुणीतरी गावात असलं तर त्यांचंही काम निम्मं होतं.

औषधाशिवायच्या गोष्टी आपल्या आजोबा-पणजोबांना ठाऊक होत्या, त्या मुलांना सांगा. दव वाळल्याशिवाय कळप सोडू नये, कारण अळ्या ओल्या गवताच्या खालच्या चार बोटांत असतात. रान खरडून निघेपर्यंत एकाच ठिकाणी चारू नये. मेंढ्यांनंतर त्या रानात गाई-म्हशी सोडाव्यात, मेंढीचे बहुतेक जंत त्यांच्या पोटात टिकत नाहीत आणि रान साफ होतं. सोयाबीन निघाल्यावरचं रान कोकरांना आधी द्यावं, पूर्ण हंगामात तिथे मेंढी चरलेली नसते. बाभूळ, बोर, शेवरीचा पाला उंचावर असतो, तिथवर अळी चढत नाही. वाघूर, म्हणजे मेंढ्या बसवायचं जाळीचं कुंपण, रोज हलवून बसवायची जुनी पद्धत त्यासाठीच चांगली होती, शेताला खत मिळायचं आणि मेंढी आपल्याच लेंड्यांवर चरायची नाही. आता घराशेजारी तारेचं कुंपण घालून तोच वाडा वर्षभर वापरला जातो.

व्यायच्या आधी-नंतरच्या काही आठवड्यांत मेंढीची प्रतिकारशक्ती खाली येते आणि तिच्या लेंडीतली अंडी वाढतात. त्या दिवसांत मूठभर शेंगदाणा किंवा सोयाबीनची पेंड दिली तर तिला जंत सोसायला बळ येतं. मात्र गाईंसाठीचं खनिज मिश्रण मेंढीला घालू नका. त्यात तांबं असतं आणि मेंढीला तांब्याची विषबाधा लवकर होते. मोरचुदातही तांबंच असतं, म्हणून तो जंतावर पाजायचा जुना उपाय आता सोडायला हवा. पावसाळ्यात खूर सडतात तेव्हा पाय बुडवायला मोरचुदाचं पाणी चालेल, पण ते पाणी मेंढ्यांनी पिऊ नये म्हणून उभं राहून राखण करा.

दरवर्षी दिवाळीनंतर मारवाडातले रबारी आपले कळप आणि उंट घेऊन माळव्यात उतरतात. त्यांच्याशी आपलं जुनं नातं आहे, त्यांच्याकडून आपण नर घेतो. नर घेतला की थेट कळपात सोडू नका. दोन-तीन आठवडे वेगळा बांधा, वजन करून डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध द्या, दोन दिवस कोरड्या जागी वैरणीवर ठेवा, लेंडी तपासा, मगच रानात सोडा. हाच नियम आपण आपल्या गावातून दुसऱ्या गावी विकलेल्या जनावरालाही लागू. कुणाच्या जंतावर कोणतं औषध चालत नाही हे बघून कळत नसतं.

आणि नर निवडताना नोंद बघा. कोणत्या मेंढीला मोसमात किती वेळा औषध लागलं, हे आम्ही कानातल्या बिल्ल्याच्या नंबरासमोर वहीत लिहितो. जिला पुन्हापुन्हा लागतं ती विकायची. ज्या नर कोकराला सबंध पावसाळ्यात एकदाही लागलं नाही, तो ठेवायचा. जंत सोसण्याची ताकद काही अंशी पिढीतून पिढीत उतरते. सुंदरबनातली गारोळे जात दलदलीत राहूनही या जंताला चांगलं तोंड देते, ती अशीच पिढ्यानपिढ्यांच्या निवडीतून घडली. मंडळांच्या प्रदर्शनांत आजवर उंच, भरदार, शिंगं वळलेल्या नराला बक्षीस मिळतं. पुढच्या खेपेला औषधाविना मोसम काढलेल्या नरालाही एक बक्षीस ठेवा, नोंदवही तपासून.

पुढच्या जयंतीची बैठक आपण एप्रिलमध्येच घ्याल असं धरून चालते. त्याआधी ज्या मंडळांना हे हाताने शिकायचं असेल त्यांनी आमच्या रानात यावं, कळप आमचाच वापरा. ऊन चढल्यावर या, पापणी तेव्हाच नीट दिसते. तुमच्या मेंढ्यांच्या लेंड्याही आणा. जमिनीवरच्या नकोत, बोटाला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून थेट मेंढीच्या मागून काढलेल्या, प्रत्येक मेंढीची वेगळी पिशवी आणि वर बिल्ल्याचा नंबर. दुपारपर्यंत तपासता येणार नसतील तर बर्फाच्या डब्यात ठेवा, उष्म्याने अंडी फुटतात आणि मोजणी चुकते.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
सिमरोल परिसरातली एक मेंढीपालक